चाळीस टक्क्यांच्या अलीकडची मुलं

पालक आणि शिक्षक मंडळी, दिव्यांग मुलांच्या परीक्षेतल्या सवलतींचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मॅडम, किती टक्के लागतात?" टक्के म्हणजे दाखल्यावरचे दिव्यांगत्वाचे. तर तिथूनच सुरुवात करते.

2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत. 1995 च्या जुन्या कायद्यात सातच होते. अध्ययन अक्षमता, म्हणजे समज असूनही वाचन, लेखन किंवा गणितात येणारी अडचण, जिला आपण शाळेत 'एलडी' म्हणतो, ती नव्या यादीत आली. 40 टक्क्यांची अट याच कायद्यात आहे, पण ती आरक्षणासाठी आणि सहा ते अठरा वर्षांपर्यंतच्या मोफत शिक्षणासाठी. शाळेतल्या सोयींची कलमं 16 आणि 17. त्यांत टक्केवारी नाहीच. जादा वेळ, लेखनिक (मूल सांगेल ते उत्तर लिहून देणारा), दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट हे सगळं कलम 17 मध्ये नाव घेऊन लिहिलेलं आहे.

तरीही 40 टक्के नाहीत म्हणून मुलांना परत पाठवलं जातं. विकास कुमार या उमेदवाराला लिहिताना हाताला पेटके येत. नागरी सेवा परीक्षेत त्यांना लेखनिक नाकारला गेला. 11 फेब्रुवारी 2021 ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की लेखनिकासाठी 40 टक्क्यांची अट लावता येणार नाही. खटला लोकसेवा आयोगाशी होता; पण दहावीच्या वर्गातल्या मुलालाही तो तितकाच लागू पडतो असं मी मानते.

मग पात्रता ठरते कशावर? मुलाला येतं किती आणि कागदावर उतरतं किती, यातल्या अंतरावर. माझ्याकडे सहावीतला एक मुलगा होता. जलचक्र विचारलं तर समुद्रापासून पावसापर्यंत घडाघडा सांगायचा. वहीत मात्र एकाच पानावर 'बाष्पीभवन' तीन तऱ्हांनी लिहिलेलं, जोडाक्षर फुटलेलं, वेलांटी गायब. शेरा होता: 'निष्काळजीपणा.' असा शेरा वर्षानुवर्षं मिळत गेला की मूल स्वतःही तेच म्हणायला लागतं. मला याचा फार त्रास होतो.

अशा मुलाचा रस्ता शाळेतूनच सुरू होतो. केंद्राच्या 2018 च्या सूचनांत (त्यांच्या जागी 2024 मध्ये नव्या सूचना आल्या) तिसरीत, साधारण आठव्या वर्षी, शिक्षकांनी प्राथमिक चाळणी करायची असं होतं. शंका आली तर मुख्याध्यापकांच्या पत्रासह मूल तपासणीला जातं. तिथे आधी नजर आणि ऐकणं तपासतात, मग बुद्ध्यांक, मग वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या. 2018 च्या सूचनांत अध्ययन अक्षमतेच्या दाखल्याला आठव्या, चौदाव्या आणि अठराव्या वर्षी असे टप्पे होते. म्हणजे आठव्या वर्षीचा दाखला दहावीला चालेल असं गृहीत धरू नका.

आपल्याकडे होतं काय, तर नववीचा निकाल लागेपर्यंत कोणी हलत नाही. मग सरकारी रुग्णालयात तारखा मिळत नाहीत, आणि परीक्षा मंडळाकडे सवलतीचा प्रस्ताव शाळेमार्फत जायचा असल्याने शाळाही घाईला येते. चौथी-पाचवीपासूनच्या वह्या आणि उत्तरपत्रिकांच्या प्रती जपून ठेवा. तपासणाऱ्याला त्यातून अडचण जुनी आहे हे दिसतं. आणि सवलत घटक चाचणीपासून मागा. वर्गात दिलेली सोय लेखी नोंदवून घ्या.

शिक्षकांना एकच विनंती. लेखनिक मिळाला म्हणजे काम झालं असं समजू नका. उत्तर मनात रचून दुसऱ्याला सांगणं अवघड असतं. परिच्छेद कुठे तोडायचा, आकृतीत कोणतं नाव कुठे लिहायचं, गणिताची पायरी कशी सांगायची, हे सगळं मुलाला तोंडी सांगावं लागतं, तेही खालच्या इयत्तेतल्या, अनोळखी मुलाला. याचा सराव निदान एक वर्ष आधी सुरू व्हायला हवा, आणि तो शाळेच्या वेळापत्रकात बसवायला हवा.