5 बाय 11 बाय 4

[दृश्य: कातळाचा सडा, सकाळचं कोवळं ऊन. दुरून येणारा बारीक घरघराट.]

डिसेंबरची सकाळ. रत्नागिरीजवळचा एक सडा. पावसाळ्यात हिरवागार असलेला हा कातळ आता करपलेल्या गवताने भुरा झालाय. त्यावरून एक हातभर लांबीची गाडी सुसाट येते, जांभ्याच्या पायरीवरून उडते, हवेत कोलांटी खाते आणि टपावर आदळते. बघायला जमलेली दोन पोरं हसतात. मला हसू येत नाही. पुढच्या डाव्या चाकातली किरकिर मी ऐकलेली असते.

रिमोटची गाडी म्हटली की जत्रेतली आठवते. ती मोडली की पोर रडतं आणि गाडी अडगळीत जाते. ही जात वेगळी. हिचा प्रत्येक भाग सुटा निघतो, प्रत्येक भागाला क्रमांक असतो आणि तो भाग सुटा विकत मिळतो. निदान मिळायला हवा. ‘हॉबी-ग्रेड’ या भारदस्त शब्दात खरं तर एवढंच असतं.

तामिया या जपानी कंपनीचा क्लॉड बस्टर हा रिमोटचा ट्रक 1987 सालचा. दोन मोटरी, चारही चाकं वळणारी. अमेरिकेतल्या ट्रॅक्ससचा इंधनावर चालणारा टी-मॅक्स आला 1999 मध्ये. क्लॉड बस्टर तामियाने पुढे पुन्हा बाजारात आणला, म्हणून जुन्या गाडीवाल्यांचीही सुट्या भागांची सोय झाली. गाडीचं आयुष्य असं कारखान्यातल्या साच्यांवर टांगलेलं असतं.

[दृश्य: पडवीतला बाक. उघडलेली गाडी, वर्तमानपत्रावर मांडलेले स्क्रू.]

देशावरचे मित्र विचारतात, टक्कर झाली की काय मोडतं? ए-आर्म मोडतो. चाकाला धरून ठेवणारा नायलॉनचा हात. तो मोडलेलाच बरा, कारण तो वाकून मार सोसतो म्हणून आतला गिअरबॉक्स वाचतो. पण कोकणात गाडी धावताना जेवढी मोडते त्याहून जास्त खुंटीला टांगलेली असताना मोडते. जूनमध्ये ठेवलेली गाडी गणपतीत खाली काढावी, तर चाक फिरतच नाही. आत गंजाचा लाल चिखल.

दोष बेअरिंगचा. या गाडीत ती डझनापेक्षा जास्त आहेत आणि चाकातलं माप ठरलेलं: आतला व्यास 5 मिलिमीटर, बाहेरचा 11, जाडी 4. शहरातल्या बेअरिंगच्या दुकानात मी हे माप सांगितलं तेव्हा दुकानदाराने मोटारसायकलचं 6202 पुढे ठेवलं आणि माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. त्याचं काय चुकलं? नखाएवढं बेअरिंग मागणारं गिऱ्हाईक रोज थोडंच येतं! पण माप कंपनीच्या मालकीचं नसतं, हे तिथेच लक्षात आलं. हेच बेअरिंग एमआर115 या नावाने कुठल्याही बनावटीचं चालतं. पत्र्याच्या झाकणाचं घेऊ नये, रबरी सीलचं घ्यावं. जांभ्याची तांबडी धूळ पिठासारखी बारीक असते, पत्र्याच्या फटीतून आत शिरते.

स्क्रूंची गोष्ट मिरकरवाडा बंदराजवळ सुटली. बोटींचं सामान विकणाऱ्याकडे 316 जातीचं स्टेनलेस मिळतं. त्यात मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे खाऱ्या पाण्यात ते 304 पेक्षा जास्त टिकतं. मात्र कारखान्यातले काळे पोलादी स्क्रू जास्त कडक असतात. स्टेनलेसचा मऊ स्क्रू जोर लावून आवळला की डोक्यातला षटकोन गोल होतो, आणि मग तो काढताना सगळी संध्याकाळ जाते. म्हणून ताण येतो तिथे पोलाद, ग्रीस लावून. बाकी सगळीकडे बंदरावरचा माल.

[दृश्य: ओहोटीची पुळण. चाकांच्या ठशांत साचलेलं पाणी.]

जाहिरातीत गाडी लाटांतून उसळते. खोक्यावर वॉटरप्रूफ लिहिलेलं असतं, पण ते सर्किटांपुरतं. बेअरिंगला कोण वॉटरप्रूफ करणार? पुळणीवरून आलात की गोड्या पाण्याने धुवा, पुसा, वाळवा, तेल सोडा. रत्नागिरीजवळच्या काळबादेवीच्या वाळूत तर आणखी एक गंमत आहे. तिथे इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइटचे काळे कण आहेत. मोटरीत लोहचुंबक असतं. घरी येईपर्यंत मोटरीला काळी दाढी फुटलेली असते.

(सड्यावर जाणाऱ्यांनो, कशेळी-उक्षीकडची कातळशिल्पं सोडून खेळा. गाडीचा सुटा भाग मागवता येतो, कातळशिल्पाचा येत नाही.)

[दृश्य: भिंतीवर टांगलेली जुनी गाडी.]

ही माझी पहिली गाडी. वेग बघून घेतली. दुसऱ्याच महिन्यात डिफरन्शियलचा, म्हणजे वळताना डावं-उजवं चाक वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या जोडणीचा, मोठा गिअर दातांसकट गेला. विक्रेता म्हणाला, येईल. अजून यायचाय. एकाने थ्रीडी प्रिंटरवर गिअर छापून दिला, पीएलए नावाच्या प्लास्टिकचा. पीएलए साठेक अंशांना मऊ पडतं. एप्रिलच्या उन्हात कातळावर तो अर्धा तास टिकला.

दुसरी गाडी घेताना आधी भागांची यादी उघडली: ए-आर्म, स्पर गिअर (मोटरीला जोडलेलं मोठं दातेरी चाक), डिफरन्शियल, सर्वो (चाकं वळवणारी छोटी मोटर). देशात कुणाकडे साठा आहे, ते पाहिलं. मगच गाडी पाहिली. ती हळू आहे. चालेल. लायपो, म्हणजे लिथियम-पॉलिमर बॅटरी मात्र आजही दमानेच येते, कारण सुट्या लिथियम बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून न्यायला 2016 पासून बंदी आहे. रस्त्याने येते, पावसाळ्यात घाटात अडकते. आली की दर सेल 3.8 व्होल्टवर ठेवायची. 4.2 वर भरून चार महिने विसरलेली माझी एक बॅटरी आंबोळीसारखी फुगली.

[दृश्य: पुन्हा सडा. टपावर पडलेली गाडी.]

पोरं आता जवळ आलीत. मी 7 चा पाना काढतो, चाक सोडवतो, जुनं बेअरिंग काडीने बाहेर ढकलतो. फिल्मच्या जुन्या डबीत नवी आठ आहेत. एक बसवतो, चाक बोटाने फिरवतो. आवाज नाही.

मोठा पोरगा हात पुढे करतो. रिमोट द्यावा की नाही, याचा मी जरा विचार करतो. डबीत अजून सात आहेत.