मुलांना इंग्रजी विशेषणं शिकवा, बाजाराच्या पिशवीतून

नमस्कार मंडळी! सांगलीतून बोलतेय. आपल्याकडे 2000 सालापासून इंग्रजी पहिलीपासूनच आहे. पण वर्गभर पोरांत प्रत्येकाच्या हातात वस्तू देणं बाईंना कुठून जमायचं? ते घरी जमतं. भिंतीवरचा तक्ता आज राहू दे.

(ताटली कॅमेऱ्याजवळ धरून) हे बघा, आख्खी हळद. हे हळकुंड, हा गड्डा. रंग दोन्हींचा एकच, त्यामुळे पोराचं लक्ष आपोआप आकाराकडे जातं. धिस इज लाँग. धिस इज राउंड. बस्स, एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

आता बेदाणे. आकार साधारण सारखा, रंग वेगळे. ग्रीन, येलो, ब्लॅक. काळ्या बेदाण्याला मूल ब्राउन म्हणालं, तर वाद घालू नका. उजेडात धरून बघा, बऱ्याचदा त्याचंच खरं असतं! एक मात्र सांभाळा. चार वर्षांच्या आतल्या पोरांच्या हाती बेदाणे किंवा आख्खी द्राक्षं देऊ नका, घशात अडकतात. त्यांच्यासाठी मोठे चेंडू, वाट्या घ्या.

रंग सोपा, कारण तो वस्तूचा स्वतःचा. बिग-स्मॉलचं तसं नाही. लिंबू द्राक्षाशेजारी ठेवलं की बिग, कलिंगडाशेजारी ठेवलं की स्मॉल. एकटं लिंबू पुढे करून "बिग की स्मॉल?" विचारलं, तर पोरानं सांगायचं काय? म्हणून कायम दोन वस्तू शेजारी ठेवूनच विचारा.

आकाराचे शब्द शिकवताना तक्ता घोळ करतो. सर्कल, ट्रायँगल ही आकारांची नावं. मग पोरं "सर्कल बॉल" म्हणतात. चेंडूला राउंड शिकवा. स्क्वेअर मात्र नाव म्हणूनही चालतो आणि विशेषण म्हणूनही. ट्रायँग्युलर? इतक्यात नको हो.

सुरुवातीला वस्तूचं नाव आधी घ्या: द लेमन इज येलो. ते बसलं की येलो लेमन. मग दोन विशेषणं, तीन फार पुढे. मराठीत "लाल मोठा चेंडू" आणि "मोठा लाल चेंडू" दोन्ही खपतं. इंग्रजीत सहसा आधी बिग, मग राउंड, शेवटी रेड. हा नियम पाठ करून घेऊ नका. पोर "रेड बिग बॉल" म्हणालं, तर "येस, द बिग रेड बॉल!" म्हणत चेंडू त्याच्याकडे फेका. कानावर पडून पडून बसतं ते.

आणि बोलायची घाई नको. आधी "गिव्ह मी द लाँग वन" एवढंच. त्यानं नुसतं उचलून दिलं तरी समजलंय. चार-आठ दिवसांनी हुकूम त्याला सोडू द्या, आणि तुम्ही मुद्दाम भलतंच उचला. "नो! द स्मॉल ग्रीन वन!" असं पोर ओरडतं की नाही बघा. बेदाणे मात्र जास्तीचे ठेवा, निम्मे शिकता शिकताच संपतात.