‘ओपन फाइल पाठवा’ म्हणजे नक्की काय पाठवा?

(छपाई आणि डिझाइन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसमोरच्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

आपल्या धंद्यात दिवसातून दहा वेळा कानावर पडणारं वाक्य म्हणजे ‘ओपन फाइल पाठवा’. पार्टी (गिऱ्हाईक) बिचारी जेपेग, म्हणजे नुसतं सपाट चित्र, पाठवते आणि आपण चिडतो, कारण आपल्याला आत बदल करता येईल अशी फाइल हवी असते. पण ओपन म्हणजे काय, हे आपल्याला तरी कुठे धड माहीत असतं? कोरलची सीडीआर, फोटोशॉपची पीएसडी, इलस्ट्रेटरची एआय, प्रत्येक फाइल आपल्या माहेरी, म्हणजे जिथे बनली त्या सॉफ्टवेअरमध्ये, मोकळी असते. सासरी गेली की किती बोलेल, ते सासरच्यांवर.

माझीच फजिती सांगतो. मसाल्याच्या पाकिटाची लेबलं होती, एका शीटवर चोवीस. डिझाइनर हुशार. त्याने फोटोशॉपमध्ये एकच लेबल बनवून त्याचा स्मार्ट ऑब्जेक्ट केला होता आणि तोच चोवीस वेळा मांडला होता. एकात किंमत बदलली की चोवीस ठिकाणी बदलणार. ती पीएसडी मी दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली. सगळं जागच्या जागी, रंगसुद्धा बरोबर. मी खूश. संध्याकाळी पार्टीचा फोन आला, किंमत बदला. बघतो तर प्रत्येक लेबल म्हणजे नुसतं चित्र! एकावर पट्टी मारून किंमत बदलली आणि ती पट्टी बाकीच्यांवर चिकटवत बसलो. जागा वाचवायला कोपऱ्यातलं एक लेबल उलटं फिरवलेलं होतं, ते राहिलं. हजार शीट छापली, म्हणजे जुन्या किमतीची हजार लेबलं. पुढचं विचारू नका.

हे झालं कसं, ते समजून घेऊ. फोटोशॉप १९९० साली बाजारात आलं तेव्हा त्यात लेयर, म्हणजे एकावर एक ठेवलेले सुटे थर, नव्हते. एखादी गोष्ट चिकटवून निवड सोडली, की ती खालच्या चित्रात विरघळली. लेयर आले १९९४ मध्ये, तिसऱ्या आवृत्तीत. स्मार्ट ऑब्जेक्ट यायला २००५ उजाडलं, सीएस२ मध्ये. त्याची आतली रचना अशी : मूळ लेबल पीएसडीच्या पोटात एकदाच ठेवलेलं असतं. चोवीस लेयरपैकी प्रत्येकाकडे एक सूचना असते, की ते मूळ घे, अमुक जागी, अमुक आकारात, अमुक कोनात मांड. आणि या सूचनेसोबत प्रत्येक लेयरमध्ये त्या मांडणीचं पिक्सेलमधलं तयार चित्रही साठवलेलं असतं.

परकं सॉफ्टवेअर काय करतं? सूचना त्याला समजत नाही, तयार चित्र मात्र समजतं. ते चित्र उचलून दाखवतं. म्हणून फाइल शंभर टक्के बरोबर दिसते. माझा राग नेमका या बरोबर दिसण्यावर आहे. फाइल उघडलीच नाही तर आपण लगेच फोन करतो, दुसरी मागवतो. बरोबर दिसणारी फाइल आपल्याला बेसावध ठेवते. आकार, रंग, जागा या गोष्टी प्रवास करतात. ‘हे चोवीस एकाच आईचे’ हे नातं वाटेत गळून पडतं. अ‍ॅफिनिटीत (हे आणखी एक डिझाइनचं सॉफ्टवेअर) पीएसडी घेताना स्मार्ट ऑब्जेक्ट शक्य तिथे जिवंत ठेवण्याची सोय सेटिंगमध्ये आहे, पण ती आधी चालू असावी लागते. फाइल उघडून झाल्यावर आठवलं तर पुन्हा पहिल्यापासून.

एक बारकावा फोटोशॉपमधलाच. कंट्रोल-जे करून काढलेली स्मार्ट ऑब्जेक्टची प्रत मुळाशी जोडलेली राहते. लेयरवर उजवी क्लिक करून ‘न्यू स्मार्ट ऑब्जेक्ट व्हाया कॉपी’ केलं तर वेगळा संसार सुरू होतो. म्हणजे नातं तुटायला परकं सॉफ्टवेअरच लागतं असं नाही.

पिक्सेलऐवजी रेषा-आकारांत काम करणाऱ्या व्हेक्टरवाल्यांनी हसू नये, तुमच्याकडेही हेच आहे. २००० साली आलेल्या इलस्ट्रेटर ९ पासून एआय फाइलमध्ये दोन गोष्टी नांदतात : इलस्ट्रेटरची स्वतःची खाजगी माहिती आणि एक पीडीएफ. इंकस्केप (मोफत व्हेक्टर सॉफ्टवेअर) किंवा अ‍ॅफिनिटी एआय उघडतं म्हणतात तेव्हा ते वाचत असतं ती पीडीएफ. फाइल हलकी करायला कुणी सेव्ह करताना पीडीएफची खूण काढली, तर समोरच्याला दिसतं फक्त एक पान, ‘ही फाइल पीडीएफशिवाय सेव्ह केली आहे’ असं सांगणारं. हे पान पाहून ‘फाइल करप्ट आहे’ म्हणणारे ऑपरेटर मी पाहिलेत. इलस्ट्रेटरचे सिम्बॉल म्हणजे स्मार्ट ऑब्जेक्टचेच चुलतभाऊ. पीडीएफच्या वाटेने आले की बहुतेक वेळा सुटे आकार होऊन बसतात.

कोरलचं तर आपल्याकडे राज्यच. फ्लेक्सवाला, स्टिकरवाला, पत्रिकावाला, सगळे सीडीआर मागतात. तिथे भांडण व्हर्जनचं. ‘तेराच्या खाली सेव्ह करून पाठव’ हे वाक्य कुणी ऐकलं नाही? नवी सीडीआर जुनं कोरल उघडत नाही, म्हणून आपण खालच्या व्हर्जनला उतरतो, आणि त्या जुन्या व्हर्जनला जे माहीत नव्हतं ते वर राहतं. २००८ च्या एक्स४ पासून सीडीआर हे खरं तर झिपचं गाठोडं आहे. काही जणांनी ते उलगडून, आतली रचना ओळखून लिबसीडीआर नावाची मोफत लायब्ररी लिहिली. लिबरऑफिस आणि इंकस्केप सीडीआर उघडतात ते तिच्या जोरावर. त्यामुळे थोडं इकडेतिकडे झालं तर लगेच नावं ठेवू नका.

मग सगळ्यांचं एक सामायिक फॉरमॅट का नाही? आहे की. एसव्हीजी २००१ पासून खुलं मानक आहे. त्यात आकृती एकदा सांगायची आणि हवी तिथे ‘यूज’ म्हणून बोलवायची, ही सोय पहिल्या आवृत्तीपासून आहे. इंकस्केपचे क्लोन त्यावरच चालतात. पण एसव्हीजीचे रंग आरजीबी, म्हणजे पडद्याचे. छपाईची प्लेट काढणाऱ्याला सीएमवायके, म्हणजे शाईचे चार रंग, लागतात. वेबवाल्यांनी ते उचललं, आपण दारातूनच परतलो.

आता आपल्या खास दुखण्याकडे येतो, मराठी मजकुराकडे. जुन्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली होती. फॉन्ट नसला की ‘शुभविवाह’च्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी. ती निदान ओळखू येते. प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या युनिकोडने हा त्रास मिटवला आणि दुसरा दिला. युनिकोडमध्ये ‘कि’ साठवताना आधी क, मग ऱ्हस्व वेलांटी. वेलांटी डावीकडे नेणं, जोडाक्षर जुळवणं हे काम मजकूर मांडणाऱ्या इंजिनचं. ते इंजिन देवनागरीसाठी तयार नसेल तर ‘क्षत्रिय’मधलं क्ष सुटतं, हलन्त लोंबतो, वेलांटी उजवीकडे बसते. फोटोशॉपमध्ये टाइप लेयरची सेटिंग चुकीची असली तरी असंच होतं. गंमत म्हणजे फाइल उघडल्याबरोबर मजकूर ठीक दिसतो, कारण तेव्हाही आपण साठवलेलं चित्रच बघत असतो. एक शब्द दुरुस्त करायला कर्सर ठेवला, की सगळा लेयर नव्याने मांडला जातो आणि आपल्या डोळ्यांदेखत मोडतो. म्हणून दुसऱ्याची फाइल आली की मी आधी एका मजकुराच्या लेयरमध्ये उगाच एक स्पेस देऊन पाहतो. मोडायचं असेल तर तेव्हाच मोडू दे, रात्री अकराला नको.

(प्रश्न : मग सगळं कर्व्ह करूनच, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करूनच, पाठवावं ना?)

छपाईला पाठवताना करा, जरूर करा. पण कर्व्ह केलेली फाइल म्हणजे तुमची ओपन फाइल नव्हे. पुढच्या वर्षी त्याच पत्रिकेत मुलीचं नाव बदलायचं झालं तर अक्षर न अक्षर नव्याने लिहावं लागेल. मी एका फोल्डरमध्ये चार गोष्टी ठेवतो : ज्या सॉफ्टवेअरमध्ये काम केलं त्याचीच मूळ फाइल, कर्व्ह केलेली पीडीएफ, पुन्हापुन्हा लागणारा भाग वेगळ्या फाइलमध्ये, आणि मजकूर साध्या टेक्स्ट फाइलमध्ये. ती टेक्स्ट फाइल दोन-तीन केबीची असते. गेल्या काही वर्षांत सगळ्यात जास्त वेळा मी तीच उघडली आहे.