‘वाचले’ असे म्हणायचे कोणाला?

मित्रहो,

अपघातातून किंवा महापुरातून कोणी जिवंत परतले की आपण चटकन ‘वाचला’ म्हणतो आणि आपल्यापुरता तो विषय मिटतो. हिरोशिमा आणि नागासाकीच्या अणुस्फोटांत सापडूनही जिवंत राहिलेल्यांसाठी जपानीत ‘हिबाकुशा’ हा शब्द रूढ आहे. स्फोटाची झळ ज्याला लागली तो माणूस, एवढाच त्याचा अर्थ. त्या शब्दात सुटकेचा उल्लेख नाही. आज मला बोलायचे आहे ते या अनुल्लेखाविषयी, कारण या लोकांनी पुढे निःशस्त्रीकरणाची जी मागणी केली तिचा सगळा आधार मला त्यातच दिसतो.

९ ऑगस्ट १९४५ रोजी बॉम्ब घेऊन निघालेल्या अमेरिकी विमानाचे पहिले लक्ष्य कोकुरा हे शहर होते. तेथे खालचे काही नीट दिसेना, म्हणून विमान नागासाकीकडे वळले आणि ११ वाजून २ मिनिटांनी तेथे स्फोट झाला. त्या वेळी सुमितेरु तानिगुची हा सोळा वर्षांचा मुलगा स्फोटकेंद्रापासून सुमारे १.८ किलोमीटरवर सायकलवरून टपाल वाटत होता. उष्णतेचा लोट मागून आला आणि त्याची संपूर्ण पाठ भाजून निघाली. पुढचे एकवीस महिने त्याला पालथेच पडून राहावे लागले. त्यामुळे पाठीबरोबर छातीवरही खोल जखमा झाल्या. पट्टी बदलायला परिचारिका आल्या की ‘मला मारून टाका’ म्हणून तो ओरडत असे. रुग्णालयातून घरी जाता आले ते मार्च १९४९ मध्ये, म्हणजे युद्ध संपून साडेतीन वर्षे उलटल्यावर. त्यानंतरही त्या पाठीवर शस्त्रक्रिया होतच राहिल्या. तानिगुची ‘वाचले’ ते नेमके कोणत्या तारखेला, हे मला आजवर ठरवता आलेले नाही.

१९४५ अखेरपर्यंत हिरोशिमात सुमारे १ लाख ४० हजार आणि नागासाकीत सुमारे ७० हजार माणसे मेली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. आकडा ‘अखेरपर्यंत’चा असतो, कारण मोजणी कोठेतरी थांबवावी लागते. किरणोत्सर्ग मात्र थांबला नाही. काही वर्षांतच रक्ताच्या कर्करोगाचे रुग्ण वाढले आणि इतर कर्करोग त्याहूनही उशिरा डोके वर काढू लागले. अमेरिकेने १९४७ मध्ये स्थापन केलेला आयोग या लोकांना तपासणीसाठी बोलावी, पण उपचार करीत नसे, ही त्यांची जुनी आणि रास्त तक्रार आहे. त्यांच्या मुलांमध्ये आनुवंशिक दोष वाढल्याचे दीर्घ पाहण्यांतून सिद्ध झालेले नाही, तरीही नुसत्या संशयापायी अनेकांची लग्ने जुळली नाहीत. त्या दिवशी या शहरांत हजारो कोरियन माणसेही होती. मायदेशी परतल्यावर जपानी मदतीची दारे त्यांना कित्येक दशके बंद राहिली.

हे लोक बराच काळ बोलले नाहीत, याचे कारण केवळ दुःख नव्हते. अमेरिकी ताब्याच्या काळात छापील मजकुरावर निर्बंध होते, आणि ओळख सांगितली तर नोकरी आणि सोयरीक दोन्ही जाण्याची भीती होती. १ मार्च १९५४ रोजी बिकिनी बेटावर अमेरिकेने हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली, तिची राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली आणि त्या बोटीवरचा रेडिओचालक सप्टेंबरमध्ये मरण पावला. त्यानंतर जपानभर सह्यांची मोहीम पेटली. तिच्याच लाटेत, १० ऑगस्ट १९५६ रोजी, नागासाकीत ‘निहोन हिदानक्यो’ ही हिबाकुशांची देशव्यापी संघटना उभी राहिली. २०२४ चे शांततेचे नोबेल तिलाच मिळाले.

या संघटनेच्या दोन मागण्या आहेत: अण्वस्त्रे नष्ट करा, आणि युद्ध पुकारणाऱ्या राज्यसंस्थेने झालेल्या हानीची भरपाई द्या. दुसरी मागणी आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही, ती जणू पेन्शनचे प्रकरण असावे! वास्तविक पहिल्या मागणीचे बळ दुसरीत आहे. युद्धातील नुकसान सर्व नागरिकांनी सारखेच सोसायचे असते, अशी जपान सरकारची भूमिका राहिली, आणि ती मान्य केली तर पुढच्या युद्धाचे बिलही आधीच नागरिकांच्या नावावर फाडले जाते. ऑस्लोमध्ये नोबेल व्याख्यान देताना ९२ वर्षांचे तेरुमी तानाका लिखित भाषण क्षणभर बाजूला ठेवून पुन्हा एकदा म्हणाले, ते हेच, की मृतांसाठी सरकारने काहीही भरपाई दिलेली नाही.

अण्वस्त्रांच्या धाकाने शांतता टिकते, असे म्हणणाऱ्यांची बुद्धिमत्ता मी कमी लेखत नाही. त्यांचा हिशेब मात्र मृतांच्या संख्येवर थांबतो, आणि तानिगुचींसारख्यांची पुढची सत्तर वर्षे त्यात कोठेच मांडलेली नसतात.

आपल्या देशाची गोष्ट अवघड आहे. बिकिनीच्या त्या चाचणीनंतर महिनाभरात, २ एप्रिल १९५४ रोजी, नेहरूंनी लोकसभेत अणुचाचण्या स्थगित करण्याची सूचना मांडली होती. १९८८ मध्ये राजीव गांधींनी संयुक्त राष्ट्रांत २०१० पर्यंत टप्प्याटप्प्याने सर्व अण्वस्त्रे संपवण्याचा आराखडा ठेवला. त्याला दहा वर्षे होण्याआधीच पोखरणला दुसऱ्यांदा स्फोट झाले. २०१७ मध्ये अण्वस्त्रबंदी करारासाठी वाटाघाटी झाल्या, तेव्हा भारत तेथे गेला नाही. अण्वस्त्रधारी दुसरा कोणताही देशही गेला नाही, आणि अमेरिकी छत्राखालचा जपानही वाटाघाटींत उतरला नाही. ऑगस्टमध्ये अधिवेशन चालू असले तर हिरोशिमाच्या मृतांना आपल्या संसदेत आदरांजली वाहिली जाते. ती मनापासूनची असेलही, पण तेवढीच.

त्या कराराच्या बाजूने ७ जुलै २०१७ रोजी १२२ देशांनी मतदान केले आणि त्याच्या प्रस्तावनेत ‘हिबाकुशा’ हा शब्द आला. त्याआधी सात वर्षे, २०१० मध्ये, न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांत तानिगुचींनी आपल्या लाल, सोललेल्या पाठीचे छायाचित्र प्रतिनिधींसमोर हातात धरले होते. आपण प्रदर्शनातली वस्तू नाही, तरीही कृपा करून नजर वळवू नका, पुन्हा एकदा पाहा, अशी विनंती त्यांनी केली होती. ते छायाचित्र १९४६ मध्ये एका अमेरिकी पथकाने चित्रित केलेल्या रंगीत फिल्ममधले होते. कराराला मंजुरी मिळाल्याची बातमी त्यांच्या हयातीत आली. ३० ऑगस्ट २०१७ रोजी ते गेले, आणि २२ जानेवारी २०२१ रोजी करार लागू झाला तेव्हा ते नव्हते.