कफ पातळ करणाऱ्या औषधांचं काम कधी सुरू होतं?

मंडळी, नमस्कार. संयोजकांनी मला 'खोकल्याची औषधं' असा ऐसपैस विषय दिला होता, तो मी जरा आवळून घेतला आहे. आज बोलायचंय ते फक्त सीओपीडीबद्दल, म्हणजे धुरानं वर्षानुवर्षं खराब होत गेलेल्या फुप्फुसांबद्दल. धूर बिडी-सिगारेटचा असेल, नाहीतर चुलीचा. चुलीचं नाव मुद्दाम घेतलं. कधी तंबाखूला हात न लावलेल्यांनाही हा आजार होतो, हे पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात सविस्तर मांडलं. तरी आजही जन्मभर चुलीपुढे बसलेल्या बाईची 'वयोमानानं दम लागतो' म्हणून बोळवण होतेच.

असे पेशंट तपासायला येतात तेव्हा मी त्यांना घरातली सगळी औषधं घेऊन यायला सांगतो. टेबलावर पिशवी रिकामी होते. पातळ औषधाच्या चार-पाच बाटल्या, वेगवेगळ्या कंपन्यांच्या, झाकणाला साखर चिकटलेली, आणि बहुतेक सगळ्या अर्ध्या. अर्ध्या का? दम उसळला की केमिस्टकडून आणायची, आठवडाभर घ्यायची, बरं वाटलं की फडताळात ठेवून द्यायची. पुढच्या थंडीत नवी बाटली.

माझं म्हणणं एवढंच आहे, की हे नेमकं उलटं चाललंय.

निरोगी माणसाच्या श्वासनळ्यांतही कफ असतो. तो पातळ असतो, आणि नळ्यांच्या अस्तरावरचे सूक्ष्म केस त्याला सतत वर ढकलत असतात. धुरानं हे केस मरतात आणि कफ तयार करणाऱ्या पेशी मात्र वाढतात. शिवाय कफ घट्ट होतो, कारण त्यातले म्युसिन नावाच्या प्रथिनांचे लांबलचक धागे गंधकाच्या दुव्यांनी एकमेकांना जखडलेले असतात. ॲसिटिलसिस्टीन हे औषध ते दुवेच तोडतं. पाण्यात विरघळणारी, फसफसणारी गोळी ती हीच. तिला सडक्या अंड्यासारखा वास येतो तो याच गंधकाचा. गोळी खराब झालेली नसते. कार्बोसिस्टीनचं काम वेगळं: नवा तयार होणारा कफच कमी चिकट व्हावा, असं ते पाहतं.

ब्रोमहेक्सिन आणि अँब्रॉक्सॉल ही आणखी दोन नावं तुम्ही बाटल्यांवर वाचली असतील. ब्रोमहेक्सिनचं मूळ आपल्या कुंपणावरच्या अडुळशात आहे. अडुळशातल्या व्हॅसिसीन या द्रव्यावरून ते बनवलं, आणि शरीरात ब्रोमहेक्सिनचं जे रूपांतर होतं ते अँब्रॉक्सॉल. म्हणून घरचा काढा आणि गोळी सारखीच, असं मात्र धरून चालू नका. काढ्यात किती काय उतरलं, हे कोणी मोजलेलं नसतं.

आता दम उसळतो त्या दिवसाबद्दल. धाप वाढली, कफ वाढला, पांढऱ्याचा पिवळा-हिरवा झाला. अशा वेळी उपयोगी पडतं ते नळ्या रुंद करणारं औषध, पंपातून किंवा मशीनच्या वाफेतून. डॉक्टरांनी ठरवल्यास पाच दिवस स्टेरॉइडची गोळी. आणि कफाचा रंग बदलला असेल तर अँटिबायोटिक. त्या आठवड्यात कफ पातळ करणाऱ्या औषधानं आजार लवकर आटोक्यात येतो, असा भक्कम पुरावा नाही. कोणाला कफ सुटायला बरं पडतं, म्हणून मीही लिहून देतो. पण बाटली आणली म्हणून दवाखाना लांबवायचा नाही. एक वाक्य पुरं बोलता येत नाही, ओठ निळसर दिसतात, माणूस गुंगीत जातोय, तर तडक हॉस्पिटल गाठा. आणि घरी ऑक्सिजन असेल तर घाबरून नळ वाढवत बसू नका. या पेशंटांच्या रक्तातला ऑक्सिजन ८८ ते ९२ टक्के असला तरी पुरतो, जास्त दिला तर काहींची गुंगी वाढते.

मग ही औषधं कामाची कधी? दम उसळायच्या आधी, रोज, महिनोन्महिने. चीनमध्ये कार्बोसिस्टीन वर्षभर दिलं, २००८ मध्ये निष्कर्ष आले: उसळ्या सुमारे चतुर्थांशानं कमी. तिथेच ॲसिटिलसिस्टीन ६०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देऊन पाहिलं, २०१४. साधारण तसाच फायदा. उलट युरोपात तीच गोळी दिवसातून एकदाच तीन वर्षं दिली होती, २००५ चा अभ्यास, तेव्हा एकूणात काही हाती लागलं नाही. आणि २०२४ मध्ये चीनमध्येच सौम्य ते मध्यम आजारावर ॲसिटिलसिस्टीनची मोठी मात्रा दोन वर्षं देऊनही उसळ्या कमी झाल्या नाहीत. २०१९ पर्यंतच्या चाचण्यांचा एकत्र हिशेब कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या त्या वर्षीच्या आढाव्यात आहे: आठ जणांनी सरासरी नऊ महिने औषध घेतलं, तर त्यांतला एक जास्तीचा माणूस उसळीवाचून राहतो. फायदा आहे, पण बेताचा. मरण लांबतं असं काही सिद्ध झालेलं नाही.

म्हणून मी ही गोळी सरसकट देत नाही. ज्याला रोज कफ पडतो, जो दरवर्षी एक-दोनदा आडवा होतो, त्याला देतो. तीही पंपाच्या जोडीला, पंप बंद करून नाही. पोटात अल्सर असेल तर आधी सांगा. अँब्रॉक्सॉलनं अंगावर पुरळ किंवा तोंडात फोड आले तर त्याच दिवशी थांबवा. आणि लेबल वाचा! एकाच बाटलीत कफ सोडवणारं ब्रोमहेक्सिन आणि खोकला दाबणारं डेक्स्ट्रोमेथॉर्फन, असली मिश्रणं आपल्याकडे वर्षानुवर्षं खपली. कफ सुटला, पण खोकलाच दाबला, तर तो बाहेर पडणार कुठून? जून २०२३ मध्ये केंद्र सरकारनं ज्या १४ मिश्रणांवर बंदी घातली, त्यांत अशीही होती.

मघाशी एका काकांनी चिठ्ठी पाठवली: 'गोळी आयुष्यभर घ्यायची का?' नाही. सुरू कराल त्या दिवशी कॅलेंडरवर खूण करा. किती वेळा दम उसळला, किती वेळा अँटिबायोटिक घ्यावं लागलं, हे त्यावरच लिहीत जा, आणि सहा महिन्यांनी ते कॅलेंडर घेऊन डॉक्टरांकडे जा. आधीच्या वर्षाच्या त्याच महिन्यांपेक्षा काही फरक दिसत नसेल, सकाळचा कफही तेवढाच पडत असेल, तर गोळी बंद करायची आणि ते पैसे पंपावर घालायचे.