जेलीनंतरची दहा मिनिटं

(ज्येष्ठ नागरिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

नमस्कार. फळ्यावर विषय लिहिलाय, ‘मूत्राशयाची दुर्बिणीतून तपासणी आणि भूल’. इथल्या बऱ्याच काका-मावशींनी ही तपासणी स्वतः तरी करून घेतलीय, नाहीतर घरात कुणाची तरी पाहिलीय. त्यामुळे ती कशी करतात हे सांगत बसत नाही. मी भूलतज्ज्ञ आहे आणि एक गोष्ट मला फार दिवस सलतेय. आधी ती सांगते.

एक निवृत्त शिक्षक होते, 72 वर्षांचे. मूत्राशयातली गाठ काढल्यावर तीन महिन्यांनी त्यांना तपासणीला बोलावलं होतं. टेबलावर घेतलं, पाय वर बांधले, मूत्रमार्गात बधिर करणारी जेली सोडली आणि लगेच त्याच वाटेनं कडक दुर्बीण आत. मी शेजारची केस संपवून दारात पोचले तेव्हा सरांनी टेबलाची कड धरली होती. तपासणी संपली तरी मूठ सुटेना. सिस्टरनी एकेक बोट उघडलं. सर एका शब्दानं बोलले नाहीत. पुढच्या तारखेला मात्र आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. आले ते दीड वर्षानं, लघवीतून रक्ताच्या गुठळ्या पडायला लागल्यावर.

मूत्राशयातल्या अशा गाठी पुन्हा उगवतात, म्हणून तपासणी वर्षानुवर्षं करावी लागते. पहिल्याच खेपेला माणूस धसकला की पुढच्या सगळ्या खेपा हुकतात. ‘एवढं तर सहन करायला हवं’ असं कुणी म्हणालं की मला ती मूठ आठवते.

त्या जेलीत लिग्नोकेन असतं. 1943 साली स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन यांनी ते तयार केलं. ते भिनायला वेळ लागतो. दाताचे डॉक्टरसुद्धा इंजेक्शननंतर ‘ओठ जड झाला का?’ विचारतात आणि मगच चिमटा उचलतात. पुरुषाचा मूत्रमार्ग साधारण 20 सेंटीमीटर, बायकांचा जेमतेम 4. पुरुषांना 10 ते 20 मिलिलिटर जेली हळूहळू सोडायची आणि निदान दहा मिनिटं थांबायचं. एवढंच माझं मागणं आहे. माक्स नित्झे या जर्मन डॉक्टरांनी 1877 साली ड्रेस्डेनमध्ये मूत्राशय बघायची आपली दुर्बीण पहिल्यांदा दाखवली. तिच्या टोकाला उजेडासाठी तापलेली प्लॅटिनमची तार होती, ती गार ठेवायला पाणी खेळवावं लागे. जागा बधिर करायचं औषध तेव्हा नव्हतंच. कार्ल कोलर यांनी कोकेननं डोळा बधिर करून दाखवला तो 1884 साली. त्या रुग्णांना इलाज नव्हता. आज औषध ट्रॉलीवर आहे.

संयोजकांची चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं उरलीत. मूळ विषय भरभर सांगते.

दुर्बीण लवचिक असेल तर बहुतेकांचं जेलीवर भागतं. डॉक्टर ‘लघवीला बसल्यासारखं सैल सोडा’ म्हणतील, तेव्हा सोडा. समोर आतलं चित्र दाखवणारा पडदा असेल तर त्याकडे बघा, दुखणं कमी जाणवतं. दुर्बीण कडक असेल तर पुरुषांनी गुंगीबद्दल जरूर विचारावं. मिडाझोलाम शिरेतून देतात. माणूस हाकेला ओ देतो, पण नंतर फारसं आठवत नाही. दुखण्यासाठी सोबत थोडं फेंटॅनिल देतात. दोन्ही मिळून श्वास मंदावू शकतो, म्हणून उतारवयात डोस कमी, बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा आणि लक्ष ठेवायला एक वेगळा माणूस हवाच. झोपेत जोरात घोरणाऱ्यांनी, मध्येच श्वास अडकणाऱ्यांनी हे आधीच सांगा. प्रोपोफॉलनं गाढ झोप लागते, ते भूलतज्ज्ञानंच द्यावं. गाठ काढायची असेल तर पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालची भूल किंवा पूर्ण भूल.

गुंगी घ्यायची असेल तर सहा तास जेवण नाही, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. घरचं माणूस सोबत हवं. पुढचे 24 तास गाडी चालवायची नाही, बँकेच्या कागदांवर सही करायची नाही.

प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्या. संकोच वाटत असेल तर नाव घालू नका. मी सगळ्या चिठ्ठ्या वाचणार आहे.