गोळीवर मालकाचा नंबर असतो का?

रामराम मंडळी. बीडच्या शस्त्र परवान्यांच्या बातम्या गाजल्यापासून कमेंटमध्ये एकच प्रश्न येतोय: "दादा, गोळीवर नंबर असतो ना? पोलीस थेट मालकाच्या दारात जातात ना?"

नाही. बंदुकीवर नंबर असतो, परवान्याला युआयएन, म्हणजे स्वतंत्र ओळख क्रमांक, असतो. काडतुसाच्या बुडावर असतो तो फक्त शिक्का. खडकीच्या कारखान्यातला माल असेल तर 'के एफ' ही अक्षरं आणि बोअर, म्हणजे नळीचं माप. त्यावरून माल कुठला ते कळतं, कुणाचा ते नाही.

मग माग लागतो कसा? पुंगळीवरून, म्हणजे झाडल्यावर मागे उरणार्‍या रिकाम्या काडतुसावरून. घोडा दाबला की पिन बुडाच्या मधल्या टोपीवर आदळते, खड्डा पडतो. स्फोटाच्या दाबानं पितळी बूड मागच्या पोलादावर दाबलं जातं आणि त्या पोलादावरचे बारीक ओरखडे बुडावर उमटतात. प्रयोगशाळेत जप्त बंदुकीतून चाचणीची गोळी झाडतात आणि दोन्ही पुंगळ्या तुलनात्मक सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी शेजारी ठेवतात.

परभणीच्या एका भावानं लिहिलंय, "बारा बोअरला नळीत आटेच नसतात, मग काय सापडणार?" अर्धं बरोबर आहे. आटे म्हणजे नळीच्या आतले पिळदार चर; ते नसल्यानं छर्‍यांवरून बंदूक ओळखता येत नाही. पण पुंगळीवर पिनेची खूण पडतेच ना! म्हणून पुन्हा सांगतो, शिक्का कारखाना सांगतो, खूण बंदूक सांगते. आणि ती बंदूक कुणाची, काडतुसं कुणी नेली, हे परवाना आणि दुकानदाराचं रजिस्टर सांगतं. ही साखळी तुटते कुठे? आपल्याच हातानं.

"रानडुकरं सोयाबीन लोळवतायत, दोन काडतुसं दे की." हे ऐकलं की माझं डोकं तापतं. शस्त्र कायद्याचं कलम ३ बंदुकीइतकंच काडतुसालाही लागू आहे. समोरच्याकडे परवाना नसेल तर त्याच्या खिशातलं एक जिवंत काडतूसही गुन्हा. आणि ते उद्या कुठे वाजलं, तर रजिस्टरात नाव तुमचं. खूण दुसर्‍या बंदुकीची निघेल हो, पण तुमच्याकडच्या काडतुसांचा हिशोब का जुळत नाही, याचं उत्तर कोण देणार?

माजलगावकडे माझे एक काका आहेत. परवान्याच्या पाकिटातच वही. आणलेली, झाडलेली, उरलेली काडतुसं, तारखेसकट. निवडणुकीत बंदूक ठाण्यात जमा करायची वेळ आली की वही घेऊनच जातात. मला हा माणूस फार आवडतो.

बाकीचं माहितीच आहे: बंदूक रिकामी करून कुलपात, काडतुसं वेगळ्या कुलपात, नळी कुणाकडे रोखायची नाही.

आणि वरातीत हवेत बार काढणार्‍यांनो, २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. हवेत गेलेली गोळी खाली येते. मांडवात लेकरं असतात.

"काडतूस हरवलं तर?" असं विचारलंय. त्याच दिवशी ठाण्यात लेखी द्या आणि पोच घ्या.